देवगडच्या आंब्याच्या शेडमधलं ७७७

एप्रिल-मेमध्ये देवगडला आंब्याच्या शेडमधल्या कॉम्प्युटरवर सगळा धंदा अवलंबून असतो, पेट्या किती, कोणाच्या, वाशीला कुठल्या दलालाकडे, सगळं त्यातच. मी लिनक्सवर अगदीच नवीन होतो तेव्हा तिथून फोन आला की सुडोच (अ‍ॅडमिनच्या हक्काने कमांड चालवायची सोय) चालत नाहीये. जाऊन बघतो तर एरर स्पष्ट होती, सुडोचा मालक रूट म्हणजे मुख्य अ‍ॅडमिन हवा आणि सेटयूआयडी बिट हवा, म्हणजे प्रोग्राम मालकाच्या हक्काने चालवणारी खूण. हिस्टरी काढली तर एक ओळ सापडली, सुडो सीएचमॉड -आर ७७७ / बिलिंग. सीएचमॉड म्हणजे परमिशन बदलायची कमांड, -आर म्हणजे आतल्या सगळ्यावर, ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा आणि नुसता स्लॅश म्हणजे अख्खी सिस्टिम. स्लॅशच्या पुढे एक स्पेस. आधी कोणीतरी दुसऱ्या काउंटरला फोल्डर शेअर करायला आला होता आणि त्या एका स्पेसमुळे अख्ख्या सिस्टिमवर ७७७ लागलं! आरएम, म्हणजे डिलीटची कमांड, त्या नुसत्या स्लॅशवर चालवली तर निदान अडवतं तरी, सीएचमॉड मात्र आपणहून अडवत नाही.

शेडवाले काका बाजूलाच उभे, "झिला, बिलां गेली नाय मां?" फोनवर सीनियर म्हणाला फॉरमॅट मार. मला ते पटलं नाही, परमिशन बिघडल्या म्हणजे डेटा गेला असं नसतं आणि ऐन सीझनमध्ये फॉरमॅट सांगणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

रीस्टार्ट करून ग्रबमधून (चालू होतानाचा मेनू) रिकव्हरी मोड, रूट शेल, डिस्क रीड-राइट माउंट केली आणि आधी बिलांचा डेटा पेनड्राइव्हवर घेतला. मग सुडोला ४७५५. तो पुढचा ४ म्हणजेच सेटयूआयडी, ७७७ लावलं की तोच उडतो. फाइलचा मालक बदलायचा असेल तर चाऊन ही कमांड आधी आणि सीएचमॉड नंतर, कारण चाऊन केलं की तो बिट पुन्हा उडतो. सुडो कोणाला वापरता येईल ते ठरवणारी सुडोअर्स फाइल ०४४०, नाहीतर ती सगळ्यांना रायटेबल आहे म्हणून सुडो पुन्हा अडतो. पासवर्डची शॅडो फाइल ६४०, तात्पुरत्या फाइलींचा टेंप फोल्डर १७७७, एसएसएचच्या (दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायच्या) प्रायव्हेट की ६००. बाकीच्यासाठी माझ्या लॅपटॉपवर तेच व्हर्जन होतं, तिथून फाइंड कमांडने परमिशन, मालक, पाथ अशी यादी काढली आणि स्क्रिप्टने इकडे लावली, मालक नावाने घेतले कारण सिस्टिम युजरचे नंबर दोन मशीनवर वेगळे असू शकतात.

हे करायच्या मधेच एकदा मशीन नॉर्मल चालू करून बघितलं आणि बिलिंग उघडलं तर यादी गेल्या सीझनला संपलेली, यंदाचं एकही बिल नाही. काका खुर्चीत बसलेच. पण मी लॉग वाचला, बिलांचा डेटाबेस सांभाळणाऱ्या मायएसक्यूएलने लिहिलं होतं की कॉन्फिग (सेटिंगची) फाइल वर्ल्ड-रायटेबल, म्हणजे कोणालाही बदलता येणारी, आहे म्हणून दुर्लक्ष केलं. यंदाचा डेटा दुसऱ्या डिस्कवर, तो पत्ता त्याच फाइलमध्ये, ती वाचलीच नाही म्हणून तो जुन्या जागेवरच्या जुन्या कॉपीवर चालू झालेला. ती फाइल ६४४ केली, म्हणजे फक्त मालकालाच लिहिता येईल अशी, सर्व्हिस रीस्टार्ट, सगळी बिलं जागेवर! काकांनी एकेक पेटीचा हिशोब वहीशी लावून बघितला आणि मगच प्रिंट सोडली.

ट्रक उशिरा सुटला पण बिलांसकट सुटला. निघायच्या आधी दोन्ही काउंटरच्या युजरचा एक ग्रुप केला आणि बिलिंग फोल्डरला २७७० दिलं, म्हणजे नवीन फाइल आपोआप त्याच ग्रुपची होते आणि शेअरिंगसाठी परत कोणाला ७७७ लावायची गरजच नाही.