हाताच्या मागे राहिलेला कान

माझ्या मेटल डिटेक्टरच्या पहिल्या हेडफोनला वेटोळ्यांची काळी वायर होती, आणि त्या वायरीने मला जितके छळले तितके इंग्लंडच्या पावसानेही छळले नाही. ती बांधावरच्या काटेरी वेलींत अडकत असे, फावड्याच्या दांड्याला विळखा घालत असे, आणि खणण्यासाठी मी खाली बसले की नेमकी माझ्याच गुडघ्याखाली येत असे. मग उठताना डोक्याला असा हिसका बसे की शाळेत मागच्या बाकावरच्या मुलीने वेणी ओढल्याची आठवण व्हावी. इंग्लंडच्या पूर्वेकडील सफोक परगण्यात राहायला आल्यापासून गव्हाची कापणी झाली आणि नांगरट व्हायची असली की रविवारी, शेतमालकाची परवानगी घेऊन, धसकटांतून हे यंत्र डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे झुलवत फिरायचे, हा माझा छंद झाला आहे. साताऱ्याहून आलेल्या माझ्या मावशीने हा प्रकार एकदा पाहिला आणि ‘तू तर पाणाडी झालीस’ असे म्हणून ती मोकळी झाली.

यंत्राला स्वतःचा स्पीकर असताना कानाला हे ओझे कशाला, असे पाहुणे विचारतात. याचे उत्तर उघड्या माळावर उभे राहिल्याशिवाय पटत नाही. तिथे वारा असतो, दूरचा ट्रॅक्टर असतो आणि डोक्यावर चंडोल अखंड गात असतो. या सगळ्यात जमिनीखाली वीतभर खोल असलेल्या करंगळीच्या नखाएवढ्या चांदीचा आवाज म्हणजे लग्नघरात कोणीतरी दाराआडून केलेली कुजबुज. लोखंडाचा खिळा घुरघुरतो, काडतुसाचे पितळी बूड मध्यम पट्टीत बोलते, चांदी वर चढून किणकिणते, आणि चॉकलेटचा चंदेरी कागद या सगळ्यांची नक्कल करतो. पडद्यावर आकडेही उमटतात, पण मुरलेले लोक पडद्याकडे फारसे पाहत नाहीत. स्पीकर बंद असला की बॅटरी जास्त टिकते, हा आणखी एक लाभ.

खरे तर हे यंत्र जन्मापासूनच कानाचे आहे. अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांना २ जुलै १८८१ रोजी गोळी लागली, ती शरीरात नेमकी कुठे आहे हे डॉक्टरांना कळेना, आणि टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल तारेच्या वेटोळ्यांचे एक उपकरण घेऊन त्यांच्या बिछान्यापाशी गेले. धातू जवळ आला की उपकरणाला जोडलेल्या टेलिफोनच्या श्रवणयंत्रात गुणगुण ऐकू यावी, अशी योजना होती. गुणगुण आली, पण ती जिकडेतिकडे आली, कारण गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. शिवाय मुख्य डॉक्टरांनी बेल यांना शरीराची उजवी बाजूच तपासू दिली आणि गोळी निघाली डावीकडे. तीही कळली ती १९ सप्टेंबरला अध्यक्ष वारल्यानंतर. उपकरण खरे बोलत होते. ऐकणाऱ्यांना कुठे ऐकायचे याची मुभा नव्हती.

तर मी वायर सोडली. घरात गाणी ऐकण्यासाठी घेतलेला ब्लूटूथ हेडफोन होता, तोच यंत्राला जोडला, आणि पहिला तासभर डोके हवे तसे वळवता येते याच आनंदात काढला. पण त्या दिवशी माझे खड्डे रिकामे निघू लागले. कानात आवाज स्पष्ट, जागा पक्की, खणून पाहावे तर गारगोट्यांशिवाय काही नाही. खड्डा रुंद करत गेले की एका कडेला, वीतभर चुकून, ती वस्तू सापडायची. दहा सेंटिमीटरचा नेटका खड्डा घ्यायचा आणि गवताची चकती जशीच्या तशी परत बसवायची, हा आमच्या छंदातला शिष्टाचार आहे, आणि माझे खड्डे मात्र आंब्याचे कलम लावण्याइतके मोठे होऊ लागले.

दोष हेडफोनचा होता आणि नव्हताही. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज आधी आकड्यांत बांधला जातो, दाबून लहान केला जातो, हवेतून पाठवला जातो आणि पलीकडे पुन्हा उलगडला जातो. या सगळ्या उठाठेवीत सेकंदाचा पाचवा भाग सहज निघून जातो. गाणे ऐकताना याचा पत्ताही लागत नाही, कारण सगळे गाणेच तेवढे उशिरा सुरू झालेले असते. इथे मात्र हात चालू असतो. सेकंदाला मीटरभर या गतीने यंत्राची कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरणारी त्याची चकती, झुलत असेल, तर तेवढ्या वेळात ती वीस सेंटिमीटर पुढे गेलेली असते. म्हणजे कान ‘इथे’ म्हणतो तेव्हा हात तिथून केव्हाच निघालेला असतो.

हे गणित मला कागदावर पटले, पण कळले ते वाईच्या घाटामुळे. आजोळी सुटीत गेले की मी कृष्णेच्या पायऱ्यांवर बसून पलीकडच्या काठावर धुणे धुणाऱ्या बायकांकडे पाहत असे. लुगडे दगडावर आपटलेले दिसे, पण त्याचा ‘धप्’ कानी येई तो हात पुन्हा वर निघाल्यावर. लहानपणी मला वाटे की त्या बायका आवाज न करता धुणे आपटतात आणि वर उचलताना आवाज करतात. अंतर साठ-सत्तर मीटर धरले, तर हवेतून तेवढे यायला आवाजाला लागतो तो जवळजवळ सेकंदाचा पाचवा भाग. हातातल्या यंत्रापासून कानापर्यंत जेमतेम मीटरभर अंतर, पण माझ्या हेडफोनने मध्ये अख्खी कृष्णा आणून सोडली होती.

माझ्याबरोबर शेतात येणारे एक निवृत्त पोस्टमन आहेत, ते अजून वायरवालेच आहेत. त्यांनी माझी दुर्दशा पाहून एक युक्ती सांगितली. यंत्र उजवीकडे जाताना आवाज आला की तिथे बुटाच्या टोकाने खूण करायची, डावीकडे येताना आला की तिथेही करायची, आणि दोन खुणांच्या मधोमध खणायचे. दोन्ही वेळा चूक तेवढीच होते, फक्त उलट दिशेला, म्हणून गती सारखी ठेवली तर वस्तू नेमकी मध्ये सापडते. युक्ती उत्तम चालली, पण तिच्यात सुख नव्हते. कीर्तनात एखादा टाळकरी सबंध अभंगभर तालाच्या किंचित मागे वाजवत राहावा आणि आपण मनातल्या मनात त्याला दुरुस्त करत ऐकावे, तसे ते होते. ताल चुकत नाही, पण मान डोलत नाही.

शेवटी कमी विलंबाचा हेडफोन घेतला. अशा जोड्यांमध्ये ब्लूटूथचाच एक चपळ प्रकार असतो, त्यात विलंब चाळीस मिलिसेकंदांच्या आसपास येतो, म्हणजे चूक चार सेंटिमीटरची. काही उत्पादक स्वतःची वेगळी रेडिओ जोडणी वापरतात आणि सतरा मिलिसेकंदांचा आकडा सांगतात. ती चूक दोन सेंटिमीटरही भरत नाही, आणि ताटाएवढ्या कॉइलखाली तिला कोण विचारतो? खिशाला मात्र ती जोडणी जाणवते. बिनतारी लहरींना पाण्याचे वावडे आहे, त्यामुळे समुद्रकिनारी कमरेइतक्या पाण्यात उतरून शोधणाऱ्यांचे यंत्र पुरते बुडाले की हेडफोन मुका होतो आणि त्यांना वायरकडे परतावे लागते.

बिनतारी सुखात एक विघ्न उरलेच. हेडफोन यंत्राला जोडलेला असला तरी फोनलाही त्याने सोडलेले नसते. एका सप्टेंबरात सकाळी अकराला, जमिनीतून एक फार हलका, पुन्हा पुन्हा येणारा सूर मी श्वास रोखून ऐकत असताना कानात एकदम आईचा आवाज आला, ‘अगं, जेवलीस का?’ तिकडे दुपारचे साडेतीन झाले होते, तिचा चहा झाला होता. शेतात आहे म्हटल्यावर तिने आवाज खाली आणून विचारले, ‘गुप्तधन मिळालं का काही?’ आमच्याकडे हा शब्दच कुजबुजून उच्चारायचा असतो. त्याच्याभोवती अमावास्या, मांत्रिक आणि पोलीस असतात. तिला मी सांगितले की भारतातल्या १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले तर कलेक्टरला कळवावे लागते आणि इथेही १९९६ चा कायदा आहे. कायद्याने तिचे समाधान झाले नाही, म्हणून हॉक्स्न गावाची गोष्ट सांगितली. ते गाव याच परगण्यात आहे. तिथे १९९२ साली एक जण शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधायला गेला आणि त्याला रोमन काळातली सुमारे पंधरा हजार नाणी सापडली. तो हातोडाही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आईला हातोड्याचा भागच जास्त आवडला. ‘हरवलेलं सापडलं ना, झालं तर मग,’ ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तो सूर अजून तिथेच होता. इतका बारीक, की स्पीकरवर तो मी वारा समजून सोडून दिला असता. यंत्र धसकटांत आडवे ठेवले, गुडघे टेकले, आणि डोक्याला हिसका न बसता, मोजून दहा सेंटिमीटरचा खड्डा घेतला. मातीच्या ढेकळात चांदीची एक पाकळी होती, अर्ध्या ग्रॅमहूनही हलकी, दोन बाजू सरळ आणि तिसरी गोल. इंग्लंडात तिसऱ्या हेन्रीच्या काळात, १२४७ पासून, पेनीच्या मागच्या बाजूला काठापर्यंत जाणारा लांब क्रूस असे आणि सुट्ट्या पैशांची अडचण आली की लोक त्याच रेघांवर नाणे कापून चार तुकडे करत. पाव पेनीचे गोल नाणे सर्रास निघू लागले ते पुढे पहिल्या एडवर्डच्या राज्यात. एकटे नाणे सहसा कायद्याच्या खजिन्यात बसत नाही, तरी सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या परगण्याच्या अधिकाऱ्याकडे मी ते नेऊन दाखवले. सापडलेल्याचे निम्मे शेतमालकाचे, असा आमचा करार आहे, पण पावाचे निम्मे काय करायचे हे त्यालाही सुचेना आणि त्याने ते मलाच देऊन टाकले.

संध्याकाळी आईला व्हिडिओवर तो तुकडा दाखवला. तिने चष्मा लावला, पडदा नाकाशी नेला आणि बराच वेळ पाहिले.

‘म्हणजे पावलीच की ही,’ ती म्हणाली. ‘मग उरलेले बारा आणे कुठे आहेत?’

मी हेडफोन चार्जिंगला लावला.