डीपीवरची चाकाची आगबोट

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, कारण दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच की डीपीवर ही बैलगाडीसारखी चाकं लावलेली कसली बोट आहे, ती नेव्हीची की टपालाची, आणि परवा एकाने तर विचारलं की डेकवर एवढी माणसं दाटीवाटीने कशाला कोंबलीयेत. चित्र मीच काढलंय, बॉलपेनने, चुका असतील त्या माझ्या. बोट मात्र खरी. नाव ह्यू लिंडसे. इंग्रजी नाव असलं तरी जन्म आपल्या मुंबईच्या गोदीतला, आज फोर्टात नेव्हल डॉकयार्ड आहे ना, तिथला, ऑक्टोबर १८२९ चा.

बांधणारे नौरोजी जमशेटजी वाडिया. वाडियांची सागवानी जहाजं तोपर्यंत जगात नावाजलेली होती, त्यांच्या घराण्याने १८१७ मध्ये बांधलेलं त्रिंकोमाली अजून इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे, यावरून काय ते समजा. पण ह्यू लिंडसेच्या पोटात इंग्लंडहून आणलेली ८०-८० हॉर्सपॉवरची दोन इंजिनं बसवली आणि दोन्ही अंगांना मोठाली चाकं. माप ४११ टन. मालक ईस्ट इंडिया कंपनी, आरमार कंपनीचं बॉम्बे मरीन, कमांडर जॉन विल्सन. म्हणजे बोट नेव्हीचीच, पण काम टपालाचं. दोन्ही उत्तरं बरोबर.

हे टपालाचं खूळ का, तर तेव्हा आफ्रिकेला वळसा घालून मुंबईचं पत्र लंडनला पोचायला पाच-सहा महिने सहज लागायचे, पावसाळ्याचं गणित चुकलं तर उत्तर यायला दोन दोन वर्षं. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या डोक्यात होतं की बोटीने सुएझपर्यंत जायचं, मधला इजिप्त उंटाबिंटावरून ओलांडायचा आणि पलीकडे भूमध्य समुद्रात दुसरं जहाज धरायचं. सुएझचा कालवा व्हायला अजून चाळीस वर्षं होती.

आता खरी गंमत. बोट बांधली होती साडेपाच दिवसांचा कोळसा मावेल अशी. आणि मुंबई ते एडन (अरबस्तानाच्या टोकाचं बंदर), साधारण ३,००० किलोमीटर, मध्ये काहीच नाही, लागणार अकरा दिवस. कोणी हिशोब केला नव्हता की केला आणि गप्प बसले, देव जाणे. मग काय, विल्सनने कोळसा भरला तो मिळेल त्या जागेत, तळाला भरला, केबिनमध्ये भरला, डेकवर रचला. बोट ठरल्यापेक्षा कितीतरी खोल बसली. आणि चाकाच्या बोटीला खोल बसणं म्हणजे शिक्षा असते, कारण चाकाच्या फळ्या पाण्यात बेताने बुडायला हव्यात, जास्त बुडाल्या तर इंजिन नुसतं पाणी उपसत बसतं, आणि कोळसा जळत जाऊन बोट वर आली की त्याच फळ्या वरवर खरवडतात. लाटेवर बोट कलली की एक चाक पाण्यात, दुसरं हवेत.

२० मार्च १८३० ला ती मुंबईहून सुटली. अकराव्या दिवशी एडनला लागली तेव्हा बोटीवर सहा तासांचा कोळसा शिल्लक होता. सहा तास! मला हे वाचल्यापासून पोटात गोळा येतो. पुढचा कोळसा वाटेतल्या बंदरांवर आधीच पाठवून ठेवला होता, तोही शिडाच्या जहाजांनी. म्हणजे इंग्लंडचा कोळसा आफ्रिकेला वळसा घालून शिडावर मुंबईला येणार, तिथून परत शिडावर एडनला जाणार, आणि मग त्यावर वाफेची बोट वेळ वाचवणार. २२ एप्रिलला सुएझ. सगळे मिळून तेहतीस दिवस, त्यातली चाकं फिरली एकवीस-बावीस दिवस, बाकी वेळ कोळसा भरण्यातच. परत आली २९ मेला, पाऊस लागायच्या जेमतेम आधी, कारण नैर्ऋत्येच्या वाऱ्याच्या तोंडावर त्या इंजिनांचं काही चाललं नसतं. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, नारळी पौर्णिमेपर्यंत आपल्याकडे कोण बोट काढतो. जाताना ती बॉम्बे मरीनची होती, येईपर्यंत आरमाराचं नाव बदलून इंडियन नेव्ही झालेलं, मेमध्येच.

कंपनीचे लंडनमधले संचालक खर्च बघून भडकले. (बोटीला नाव दिलं होतं त्यांच्यातल्याच एकाचं, तरी.) पण बोट पुढेही जातच राहिली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये माल्कमसाहेब स्वतः तिच्यावर बसून घरी गेले.

लढाईचं विचाराल तर चाकाची बोट ही मुळात आरमारवाल्यांना नकोशीच. तोफा लावायच्या कुशीत, आणि नेमकी ती जागा चाकाने आणि त्याच्या झाकणाने खाल्लेली. शिवाय एक गोळा चाकावर बसला की बोट लंगडी. १८४५ मध्ये इंग्लंडने चाकाची अलेक्टो आणि पंख्याची (म्हणजे मागे पाण्याखाली फिरणाऱ्या पंख्यावर चालणारी) रॅटलर अशा दोन बोटी दोरखंडाने पाठीला पाठ बांधून रस्सीखेच लावली, रॅटलरने अलेक्टोला ओढत नेलं. त्याचं फार कौतुक होतं, पण मला तो तमाशाच वाटतो, पंख्याच्या बोटींची ऑर्डर त्याआधीच गेलेली होती.

माझ्या मते ह्यू लिंडसेने जे घडवलं ते तोफेने नाहीच. ते त्या सहा तासांच्या कोळशाने. वाफेची बोट चालवायची तर एडन आपल्या ताब्यात पाहिजे हे मुंबई सरकारच्या डोक्यात पक्कं बसलं, मध्ये एक लुटलेलं जहाज निमित्ताला मिळालं, आणि जानेवारी १८३९ मध्ये मुंबईहून आरमार जाऊन एडन घेतलं. तिथल्या लोकांना कोणी विचारलं नाही. पुढे १९३२ पर्यंत एडन मुंबई इलाख्यात होतं, म्हणजे अरबस्तानातलं बंदर आणि कारभार आपल्या फोर्टातून.

आणि हो, डेकवर माणसं नाहीयेत हो. तो कोळसा आहे.