चौतिसावा किलोमीटर

जानेवारी २०२३. मुंबई मॅरेथॉनच्या चौतिसाव्या किलोमीटरला, हाजीअलीच्या जरा पुढे, मी फुटपाथच्या कडेला बसले ती पुन्हा धावायला उठलेच नाही. ऊन चढलं होतं, शेजारून जाणारे घामाने निथळत होते आणि माझ्या दंडांवर काटा आला होता. थंडी वाजत होती. एका स्वयंसेवक मुलीने विचारलं, "काकू, नाव काय तुमचं?" नाव सांगितलं. "अजून किती राहिलंय माहितीये ना?" याचं उत्तर मात्र येईना. बेचाळीस वजा चौतीस. मी बँकेत काम करते, एकवीस वर्षं आकड्यांतच गेली. आणि ती वजाबाकी सुटत नव्हती. पाय तर दुखतच होते, पण त्या वजाबाकीची जी भीती बसली ती पुढे कितीतरी दिवस गेली नाही.

घरी आल्यावर 'मन कच्चं पडलं' असं दोघा-तिघांनी सांगितलं. मला ते पटलं नाही. मनाने मी अजून धावत होते, शरीराने कारभार बंद केला होता. तो का बंद केला, हे समजून घेतल्याशिवाय पुन्हा नाव नोंदवायचं नाही असं ठरवलं.

आमच्या रनिंग ग्रुपचे सर शांत गृहस्थ आहेत. त्यांनी कागदावर साधा हिशोब मांडला. धावताना किलोमीटरला किलोमागे साधारण एक कॅलरी लागते. माझं वजन ५८ किलो, म्हणजे ४२ किलोमीटरला जवळपास २४५० कॅलरी. स्नायूंत आणि यकृतात मिळून ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, माझ्यासारखीच्या अंगात चारशे ग्रॅमच्या आसपास. त्यातून मिळतात सोळाशे कॅलरी. तूट साडेआठशेची. चरबी मात्र भरपूर; एका किलोत साडेसात हजारांच्या वर कॅलरी असतात, आणि माझ्या अंगावर किमान पंधरा किलो तरी असेल. "खजिना आहे हो तुमच्याकडे," सर म्हणाले, "पण तो सावकाश उघडतो. वेग वाढवलात की शरीर त्याच्याकडे बघतच नाही, सरळ साखरेवर हात टाकतं."

मी नेमकं तेच केलं होतं. पहाटेचा गारवा, मरीन ड्राइव्हवरचे दिवे, दोन्ही बाजूंनी टाळ्या. पहिले एकवीस किलोमीटर ठरवल्यापेक्षा मिनिटभर जलद गेले. वर निघताना पोटात काही नाही. वाटेत शौचालय शोधावं लागेल या धास्तीने फक्त चहा घेतला होता. इथेच खरी चूक झाली. स्नायूंतली साखर स्नायूंनाच वापरता येते, ती रक्तात परत सोडायला लागणारं एन्झाइम त्यांच्याकडे नसतं. मेंदूला साखर पुरवायची ती यकृताने, आणि यकृताचा साठा रात्रभराच्या उपासात बराच ओसरलेला असतो. वजाबाकी का सुटली नाही, ते त्या कागदावर कळलं. १९२४ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर डॉक्टरांनी काही धावपटूंचं रक्त तपासलं होतं. गळून गेलेल्या, गोंधळलेल्या धावपटूंच्या रक्तातली साखर फार खाली गेलेली आढळली. पुढच्या वर्षी त्यांनी धावपटूंना वाटेत गोळ्या-चॉकलेटं खायला दिली आणि फरक दिसला. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच माहीत झालेली गोष्ट मी नुसत्या चहावर विसरले होते.

फेब्रुवारीपासून सरांनी एकच नियम लावला. आठवड्यातले चार दिवस धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दम लागून वाक्य तुटलं की चालायचं. पुण्यातल्या तळजाई टेकडीवर पहिल्या दिवशी माझा वेग किलोमीटरला पावणेनऊ मिनिटं निघाला. रोज फिरायला येणारे एक आजोबा मला ओलांडून पुढे गेले. अपमान वाटला, खोटं का बोलू. पण सर म्हणाले, याच वेगाला आत बांधकाम चालतं. पायांच्या स्नायूंत केशवाहिन्या वाढतात, हृदयाच्या एका ठोक्याला जास्त रक्त बाहेर पडतं आणि पेशींमधली मायटोकॉन्ड्रिया, जिथे प्राणवायू वापरून चरबी जळते, ती वाढतात. जॉन हॉलोझी या शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये ट्रेडमिलवर धावणाऱ्या उंदरांच्या स्नायूंत हे पहिल्यांदा स्पष्ट दाखवलं. काही आठवड्यांच्या सरावाने त्या स्नायूंची प्राणवायू वापरायची क्षमता दुपटीच्या घरात गेली होती.

सगळ्यात आधी बदलतं ते रक्त. सराव सुरू झाला की आठवड्या-दोन आठवड्यांत रक्तातला पातळ भाग वाढतो. सकाळी अंथरुणातच मनगटावर दोन बोटं ठेवून मी नाडी मोजायची. फेब्रुवारीत ७४, मार्चअखेर ६७. आरशात काहीच बदल नव्हता, वजनही तेच, पण बोटांखाली तो बदल रोज लागत होता. घड्याळ होतं, तरी मी बोटांनीच मोजायची.

एप्रिलमध्ये पुण्याचं ऊन आलं आणि नवीन कोडं उभं राहिलं. वेग तोच, रस्ता तोच, आणि नाडी अर्ध्या तासाला १३८ तर दीड तासाला १५५. मला वाटलं, सगळी मेहनत पाण्यात गेली. तसं नव्हतं. घामातून पाणी जातं, अंग गार ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि एका ठोक्यातली तूट हृदय ठोके वाढवून भरून काढतं. मग घाम मोजला. दीड तास धावण्याआधी वजन ५८.४, नंतर ५७.१, मध्ये प्यायलेलं पाणी ४०० मिली. म्हणजे १.७ लिटर घाम, तासाला सव्वा लिटरला थोडा कमी. उन्हात दहा-पंधरा दिवस नेमाने धावलं की शरीर त्याचीही सवय करतं. घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. मुंबईची अडचण निराळी आहे. तिथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसताच ओघळतो, आणि न वाळलेला घाम अंग गार करत नाही.

पाण्याबद्दल एक गोष्ट मुद्दाम लिहायची आहे, कारण आमच्या ग्रुपमध्ये अजूनही 'पीत राहा, पीत राहा' असंच सांगतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के जणांच्या रक्तातलं सोडियम गरजेपेक्षा खाली गेलेलं निघालं. धावताना ज्यांचं वजन घटायच्या ऐवजी वाढलं होतं, म्हणजे जे घामापेक्षा जास्त प्यायले होते, त्यांना हा धोका जास्त होता. माझ्यासारखे हळू धावणारे तर प्रत्येक टेबलापाशी थांबून पितात. तेव्हा बायांनो, तहान लागेल तसं प्या. पोट डुचमळेपर्यंत पिऊ नका.

जूनमध्ये पालखी पुण्यात आली. माझी आजी सातारकडची, सतरा वेळा वारी केलेली; मी एकदाही गेले नव्हते. या वेळी एक रजा टाकून पुणे ते सासवड हा टप्पा चालले. दिवे घाटात मी माझ्या नेहमीच्या घाईने पुढे जायला लागले, तर दिंडीतल्या एक सत्तरीच्या बाई म्हणाल्या, "माऊली, घाट पळून जातोय का कुठं? पाय उचलून आपटायचा न्हाई, पुढं सरकवायचा." मग मी त्यांच्या पायांकडे बघत चालले. साध्या स्लिपर, पाऊल जेमतेम वीतभर पुढे पडणारं, टाळाच्या ठेक्याशी जुळलेलं. घाटभर त्यांचा अभंग एकदाही तुटला नाही. सरांचा नियम, पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, तो या बाई पंचवीस वर्षं पाळत होत्या. विसाव्याला त्यांनी गुळाचा खडा आणि शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले, न मागता. चालताना थोडं थोडं तोंडात टाकायचं असतं, हे त्यांना कुणी कागदावर मांडून दिलेलं नव्हतं.

त्यानंतर उत्साहात मी चूक केली. आठवड्याचे किलोमीटर ३५ वरून एकदम ५५ केले. हृदय तयार होतं, फुप्फुसं तयार होती, डाव्या नडगीचं हाड तयार नव्हतं. हृदय आणि रक्त काही आठवड्यांत बदलतं, स्नायूही बदलतात. हाडं आणि स्नायूबंध महिने घेतात. जुलैचे तीन आठवडे धावणं बंद, फक्त पोहणं. त्याच सुमारास सारखा थकवा जाणवत होता म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन बरं होतं, पण फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, फक्त ११. माझ्या वयात पाळी अंगावरून जास्त जाते आणि आपण ती गृहीत धरतो. प्राणवायू वाहून न्यायला लोह लागतं आणि पेशीत तो वापरायलाही लोह लागतं. गोळ्या सुरू केल्या, त्यांच्या आगेमागे चहा बंद, जेवणात लिंबू. दसऱ्यापर्यंत पायांत जीव आला. लांब पल्ल्याचं धावणाऱ्या प्रत्येक बाईने वर्षातून एकदा ही तपासणी करावी, असं मला कळकळीने वाटतं.

ऑक्टोबरपासून पोटाचा सराव. धावताना रक्त पायांकडे जातं, आतड्यांना थोडंच उरतं, त्यामुळे पहिल्या जेलनंतर, म्हणजे धावताना खायच्या गोड, घट्ट पाकानंतर, मला मळमळलं होतं. पण आतडंही शिकतं. दर रविवारच्या लाँग रनला पस्तीस-चाळीस मिनिटांनी थोडं गोड, आधी खजूर, मग अर्धं जेल, मग पूर्ण. डिसेंबरमध्ये तासाला ४५ ग्रॅमपर्यंत कर्बोदकं विनातक्रार जाऊ लागली. नाडी तेव्हा ५९ होती आणि बोलत धावायचा वेग किलोमीटरला सात मिनिटं चाळीस सेकंद.

शेवटच्या तीन दिवसांचा भात खाण्यामागे एक सुंदर प्रयोग आहे. १९६६ मध्ये बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन या स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी एकाच सायकलच्या दोन बाजूंना बसून एकेका पायाने पॅडल मारलं. प्रत्येकाचा एक पाय दमला, दुसरा आरामात. मग तीन दिवस भरपूर कर्बोदकं खाल्ली आणि सुईने स्वतःच्याच मांडीतले तुकडे काढून तपासले. दमलेल्या पायात ग्लायकोजेन आधीपेक्षा कितीतरी जास्त भरलं, आराम केलेल्या पायात जवळजवळ काहीच बदल नाही. ज्या स्नायूने काम केलं, त्यालाच साठवायची भूक लागते. हे ऐकल्यापासून मला माझ्या पायांबद्दल निराळीच माया वाटायला लागली. संक्रांत नुकतीच झाली होती. मी भात, पोहे आणि उरलेल्या गूळपोळ्या मिळून रोज साडेचारशे ग्रॅमच्या वर कर्बोदकं खाल्ली. वजन सव्वा किलो वाढलं. ग्लायकोजेन आपल्यासोबत पाणी साठवतं, हे माहीत होतं म्हणून घाबरले नाही.

जानेवारी २०२४. रात्री अडीचला उठून मऊ भात, मीठ, तूप नाही, एक केळं. सुरुवातीला सगळे मला ओलांडून गेले आणि मी जाऊ दिलं. ओठांतल्या ओठांत हरिपाठ म्हणत होते, तो तुटत नव्हता. सी लिंकवर उजाडलं. माहीमपर्यंत काळ्या टी-शर्टच्या बाहीवर मिठाची पांढरी नक्षी उमटली होती.

हाजीअलीला मी स्वतःला मुद्दाम विचारलं, बेचाळीस वजा चौतीस? आठ. आणि वर १९५ मीटर. त्या फुटपाथकडे एकदा बघितलं आणि पुढे निघाले.

पेडर रोडचा चढ तरीही चढच होता. मांड्या दगड झाल्या, वाक्यं तुटायला लागली. पाऊल वीतभर केलं, पुढे सरकवत राहिले. चढाच्या मध्यावर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी स्टीलच्या डब्यातून मीठ लावलेल्या संत्र्याच्या फोडी वाटत होती. "काकू, घ्या ना, दोन घ्या." फोड जिभेवर ठेवली, अजून गिळलीही नव्हती, तोच पाय हलके वाटले. सायकलपटूंवरच्या २००४ मधल्या एका प्रयोगात, कर्बोदकं विरघळवलेल्या पाण्याने नुसती चूळ भरून थुंकली तरी तासाभराच्या शर्यतीत वेळ सुधारली होती. तोंडाला कर्बोदकांची खबर लागली की मेंदू हात थोडा सैल सोडतो. सरांनी हे सांगितलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं.

पाच तास एकतीस मिनिटं. पदक गळ्यात पडलं तेव्हा रडू आलं नाही, भूक लागली होती.

त्या रात्री झोपताना नाडी ७८ होती. दुसऱ्या दिवशी ७१. मांड्यांना चौथ्या दिवसापर्यंत जिना उतरवत नव्हता. चढण्यापेक्षा उतरताना स्नायू ताणले जात काम करतात, तिथलीच सूक्ष्म मोडतोड दुखते. आठव्या दिवशी सकाळी मोजली, ५९. बूट घालून तळजाईला गेले. धावले नाही, फक्त चालले, हरिपाठ म्हणत.