सुपारी, साफ्टा आणि ‘निरंक’: माझा अनुभव

२००९-१० निरंक. २०१०-११ निरंक. २०११-१२ मध्ये अचानक आकडे, आणि पुढच्या वर्षी त्याहून मोठे. भारतात आलेल्या सुपारीचा माहिती अधिकारात हातात आलेला तक्ता हा असा होता; निरंक म्हणजे शून्य. साफ्टा या दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराखाली अल्पविकसित देशांच्या मालाला भारताने शून्य शुल्क देणारी अधिसूचना (९९/२०११-सीमाशुल्क) ९ नोव्हेंबर २०११ची. म्हणजे सवलत आली आणि परदेशी सुपारीचा लोंढा सुरू झाला, असा निष्कर्ष आयता तयार. श्रीवर्धनची रोठा सुपारी पिकवणारा किंवा गोव्यातला कुळागरवाला, म्हणजे सुपारीच्या बागेचा मालक, हा तक्ता पाहील, तर करारालाच शिव्या घालेल.

तक्ता खोटा नव्हता. प्रश्न चुकीचा विचारला होता, आणि तो विचारला होता मी.

सुपारीला ०८०२.८० हा स्वतंत्र सहाअंकी संकेतांक मिळाला तो मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या २०१२च्या आवृत्तीत. भारताच्या शुल्कसूचीत ती आवृत्ती १ जानेवारी २०१२पासून लागू झाली. त्याआधी सुपारी ‘इतर’ या ०८०२.९० मध्ये होती. मी अर्जात फक्त ०८०२.८० लिहिलं, त्यामुळे जुन्या वर्षांपुढे निरंक येणारच होतं. अधिसूचना आणि नवा संकेतांक यांच्यात दोन महिन्यांचंही अंतर नाही, म्हणून ही चूक कराराच्या परिणामासारखी दिसते. बरं, जुना ०८०२.९० जसाच्या तसा जोडून चालत नाही. त्यात चिलगोझेही येतात, आणि अफगाणिस्तान साफ्टाचा सदस्य आहे. सहा अंकांवर थांबलात तर चिलगोझे सुपारी म्हणून मोजाल. भारतीय आठअंकी ओळीच घ्यायच्या: आधीच्या ०८०२९०११, १२, १३ आणि १९, नंतरच्या ०८०२८०१०, २०, ३० आणि ९०. शिवाय ‘सुपारी म्हणून ओळखलं जाणारं उत्पादन’ २१०६९०३० मध्ये जातं, ते वेगळं मागायचं. उकडलेली सुपारी कुठे बसवायची यावर भांडणं झाली आहेत, तेव्हा ही ओळ गाळू नका.

कराराचा मजकूर, संवेदनशील यादी (सवलत न मिळणाऱ्या वस्तूंची), उगमाचे नियम (माल कुठल्या देशाचा मानायचा ते) यांत फार वेळ गेला नाही. सगळं प्रसिद्ध आहे. अल्पविकसित देशांसाठी भारताची यादी २०११मध्ये ४८० वस्तूंवरून २५वर आली, उरलं ते दारू-तंबाखू.

घोडं अडलं ते पुढे. मला हवं होतं ते एवढंच: आलेल्या सुपारीपैकी किती माल खरोखर सवलत घेऊन आला? प्रसिद्ध होणाऱ्या व्यापार आकडेवारीत देश दिसतो, मूल्य दिसतं, पण सवलत मागितली की नाही हे दिसत नाही. श्रीलंकेचा माल तर साफ्टा, १ मार्च २०००पासूनचा द्विपक्षीय करार किंवा आशिया-पॅसिफिक करार, यांपैकी कुठल्याही दारातून येऊ शकतो. आयातदाराला परवडेल ते दार तो उघडतो. अर्थसंकल्पाच्या परिशिष्टात सोडून दिलेल्या महसुलाचे आकडे असतात, पण सुपारीपर्यंत ते उतरत नाहीत.

ही माहिती सरकारकडे नाही असं मात्र नाही. सवलत मागताना बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे आयातदाराच्या घोषणापत्रात, अधिसूचना क्रमांक आणि तिच्यातला अनुक्रमांक भरावाच लागतो, आणि हे सगळं संगणकावर असतं. २१ सप्टेंबर २०२०पासून नवे नियम आले, तेव्हापासून उगम दाखल्याचा क्रमांक, तारीख आणि उगमाचा निकषही भरावा लागतो. तरी उत्तर आलं: ‘मागितलेली माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.’ अर्ज माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) खाली वेगवेगळ्या आयुक्तालयांकडे पाठवून दिला गेला, आणि मग महिनाभर लिफाफे येत राहिले. एकाने निरंक कळवलं, एकाने कलम ८(१)(घ) लावून व्यापारी गोपनीयता सांगितली, एकाने ‘आमच्या बंदराशी संबंध नाही’ म्हटलं. अर्जाच्या दहा रुपयांत एवढा टपाल खर्च सरकारने माझ्यावर केला, याचं समाधान मानायचं!

चीड येते, पण ‘संकलित नाही’ हे उत्तर कायद्याच्या चौकटीत बसतं. नसलेली माहिती गोळा करून, तिचं पृथक्करण करून देणं बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्येच सांगितलंय. म्हणून ‘सवलतीच्या वापराचं प्रमाण द्या’ असं कधीही लिहू नये. प्रमाण म्हणजे पृथक्करण. नोंदी मागायच्या, भागाकार घरी करायचा.

दुसरा अर्ज असा केला: अधिसूचना क्रमांक अमुक, आठअंकी संकेतांक अमुक, आर्थिक वर्ष अमुक, मूळ देश, बिलांची संख्या, करपात्र मूल्य, वजन आणि भरलेलं शुल्क. आयातदाराचं नाव नको, हे पहिल्याच ओळीत. कलम १०प्रमाणे गोपनीय भाग वगळून उरलेलं देता येतं, हे शेवटच्या ओळीत. एका अर्जात एकच अधिसूचना. ऑनलाइन अर्जात तीन हजार अक्षरांची मर्यादा आहे, त्यामुळे संशोधनाचा उदात्त हेतू लिहिण्यात जागा घालवू नका. कायदा कारण विचारतच नाही. महसूल गुप्तचर संचालनालयाकडे तर जाऊच नका, ते कलम २४खाली वगळलेलं आहे.

यालाही तीस दिवसांत उत्तर नाही. मग पहिलं अपील, आणि त्यात एकच मुद्दा: कलम २(ञ) नुसार संगणकातली माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मागता येते. त्यावर एक्सेलची फाईल आली. अपील केलं नसतं तर आली नसती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फाईल उघडून आधी ‘मूळ देश’ आणि ‘पाठवणारा देश’ हे रकाने तपासा. मला पहिल्यांदा दुसराच मिळाला होता. सुपारीत हा फरक जीवघेणा आहे: ती संपूर्णपणे त्याच देशात पिकलेली असावी लागते. दुसरीकडची आणून वाळवली, फोडली, पोत्यात भरली, तरी उगम बदलत नाही.

आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं: फक्त शुल्क बघू नका. सुपारीवर मूळ शुल्क १०० टक्के, सवलतीत शून्य; पण फेब्रुवारी २०२३पासून किलोला ३५१ रुपयांपेक्षा स्वस्त सुपारी आणायला साधारणपणे मनाईच आहे, आधी हा आकडा २५१ होता. ही अट परकीय व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनेत असते, शुल्कसूचीत सापडणार नाही. त्यातच सप्टेंबर २०२२मध्ये भूतानच्या १७,००० टन ओल्या सुपारीला सीमेवरच्या जयगावच्या नाक्यावरून या अटीविना दरवर्षी वाट दिली गेली. करारात भूतानला शून्य शुल्क आधीच होतं. मोल होतं ते या वाटेला.

दोन आयुक्तालयांची उत्तरं अजून नाहीत. दुसऱ्या अपिलासाठी नव्वद दिवस असतात. माझे त्यातले एकसष्ट गेलेत.