तुम्ही विचारलंत म्हणून: संशोधन इथं कशाला?

“सर, दवाखान्यात बीपीच्या गोळ्या वेळेवर मिळेनात, आणि तुम्ही संशोधन काय करत बसलात?” मी मेडिकल कॉलेजात पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र, शिकवतो, त्यामुळं लग्नाच्या पंगतीतसुद्धा हे ऐकावं लागतं. प्रश्न खोचक आहे, पण खोटा नाही. गोळ्या आधी, हे मलाही मान्य.

पण गोळी हातात पडल्यावर सहा महिने पोटात जाते का, हे कोण बघणार?

आमचा पहिला अभ्यास बीपीचाच. दर तीन महिन्यांनी घरी जाऊन मोजायचं, असा टेबलावर बसून आखलेला आराखडा. भाद्रपदातली फेरी झकास झाली. मार्गशीर्षात धारूरकडच्या त्याच तांड्यावर गेलो, तर दारांना कुलपं. ओसरीवर एक म्हातारी आणि दोन लेकरं. “समदे कोयत्याला गेले की,” म्हातारी म्हणाली. कोयत्याला म्हणजे ऊसतोडीला. कोण कुठल्या कारखान्यावर आहे, हेही तिनं घडाघडा सांगितलं. आमच्या तक्त्यात मात्र त्या सगळ्यांपुढे ‘लॉस्ट टू फॉलोअप’, म्हणजे पुढच्या फेरीत सापडलेच नाहीत. बीडमध्ये नोकरी करून दसऱ्यानंतरची कुलपं मला आठवू नयेत, याची लाज अजून वाटते.

पुढच्या अभ्यासाच्या संमतीपत्रावर शब्द होता ‘यादृच्छिकीकरण’. मी दहा मिनिटं समजावत होतो. शेवटी एका आजींनी विचारलं, “म्हंजी चिठ्ठ्या टाकनार का?” होय आजी, तेच: कोण कुठल्या गटात, ते चिठ्ठीनं ठरणार. फॉर्मवर आम्ही मग ‘चिठ्ठी टाकल्याप्रमाणे’ असं छापलं. एवढ्याशा बदलालाही एथिक्स कमिटीची, म्हणजे अभ्यासात लोकांवर अन्याय होत नाही ना हे बघणाऱ्या समितीची, मंजुरी पुन्हा घ्यावी लागते, आणि ते योग्यच आहे.

आपल्याकडे मोठं संशोधन झालंच नाही, असंही नाही. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला: गावांचे ५२ गट, १,३१,७४६ बायका. एकदाच एचपीव्ही (हा कर्करोग ज्यामुळं होतो तो विषाणू) तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, असं २००९ साली प्रसिद्ध झालं. जगभर त्याचा दाखला देतात. तपासणीविना ठेवलेल्या गटावरून पुढं वादही झाला. तसले प्रश्न अभ्यास सुरू व्हायच्या आधी विचारायला कमिटीत तांड्यावरचं, निदान तालुक्याचं माणूस हवं, असं माझं मत.

यंत्रं अनुदानातून येतात. अडतं ते पगाराशी. घरोघर जाणारी पोरगी चांगली तयार होते, लोक तिला नावानं ओळखू लागतात, तोवर प्रकल्प संपतो आणि ती लातूरला खासगी लॅबमध्ये लागते. पुढच्या प्रकल्पाला नवी पोरगी, पुन्हा ‘तुम्ही कोन?’पासून सुरुवात. विद्यापीठानं संशोधनासाठी काही उभं करायचंच असेल, तर ही कायमची जागा आधी भरावी.

आता आम्ही एक मोजणी कोयता निघायच्या आधी करतो, दुसरी पाडव्यानंतर माणसं परतली की. मधल्या महिन्यांसाठी रजिस्टरात एक रकाना वाढवलाय: ऊसतोड टोळीच्या मुकादमाचा मोबाइल नंबर. गोळ्या मात्र निघतानाच, सहा महिन्यांच्या बांधून द्याव्यात, म्हणून औषध भांडाराशी सध्या भांडण चालू आहे.