बकल्स? खरंच?

काल रात्री (२ मे २०२१) बीबीसीवर 'लाइन ऑफ ड्यूटी' या पोलिसांमधल्या भ्रष्टाचारावरच्या मालिकेच्या सहाव्या सीझनचा शेवटचा भाग झाला आणि आज इथे लेस्टरमध्ये जो भेटतोय तो वैतागलेला. शेजारच्या आजोबांनीसुद्धा कुंपणापलीकडून तेच विचारलं. सगळे या भ्रष्टाचारामागच्या एखाद्या बड्या सूत्रधाराची वाट बघत होते आणि निघाला कोण, तर २०१२ च्या पहिल्या सीझनपासून डोळ्यांसमोर असलेला ढिसाळ, कामचुकार पोलिस अधिकारी बकल्स!

मला मात्र हा शेवट फार लागला. चौकशीच्या सुरुवातीचा रेकॉर्डरचा तो लांबलचक बीप आणि चौकशीच्या काचेच्या खोलीत बसलेला असा सामान्य माणूस. त्याला निव्वळ बावळट समजून सगळ्यांनी सोडून दिलं, म्हणून तर त्याचं फावलं. भ्रष्टाचारविरोधी पथकाच्या प्रमुखाचा, हेस्टिंग्जचा, चेहरा बघवत नव्हता हो! सातवा सीझन आलाच पाहिजे.