परत घ्या

परवा दुपारी जेवण झाल्यावर जरा डोळा लागत होता, तोच खालच्या पार्किंगमधून "आउट!" असा पुकारा झाला. बॅडमिंटनचं फूल जमिनीवर टेकल्याचा आवाज त्यानंतर आला. मग "आईशप्पथ आत होतं", "गळ्याची शप्पथ घे", आणि शेवटी पंच म्हणून पायरीवर बसवलेल्या चिमुरड्याचा बारीक आवाज : "परत घ्या."

माझी झोप उडाली ती त्या 'परत घ्या'नं.

रडी खेळणाऱ्याचा मला फारसा राग येत नाही. त्याचा कारभार उघड असतो. राग येतो तो मधल्या समजूतदाराचा. ज्याचा पॉइंट होता त्याचा गेला, ज्याचा नव्हता त्याला निम्मा मिळाला आणि वर पंच मात्र गुणी बाळ ठरला! पंचाला आणि रेषेवरच्या माणसालाही दिसलंच नसेल तर पुन्हा खेळावं, असं नियमातही आहे. पण यांना दिसलेलं असतं हो.

आमच्या वाड्यात जाळी नव्हती. नळापासून जिन्याच्या कठड्यापर्यंत एक सुतळी. सुतळीखाली नुसती हवा, त्यामुळे फूल वरून गेलं की खालून, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. पंच म्हणून बसायचा कच्चा लिंबू. तो बिचारा सुतळीकडे बघतच नसे, फुलांचा डबा कुणाचा आहे तेवढं बघायचा. डबेवाला रुसून घरी गेला की खेळ बंद, म्हणून त्याचं फूल कायम वरूनच जायचं. बाकीचे आम्ही 'रडीचा डाव खडी' ओरडून घसा कोरडा करायचो आणि पुढची सर्व्हिस घ्यायचो.

१८७०च्या दशकात या खेळाचे सुरुवातीचे नियम गोऱ्या साहेबांनी पुण्यातच बसवले म्हणतात. म्हणजे नियमावरून वाद घालायला आम्हाला निराळं लायसन नको.

पुढे हॉल आला, मॅट आली, जाळीही आली. माणसं तीच. एक काका पडलेल्या फुलाकडे न बघता आपल्याकडे बघतात, चेहरा वाचतात आणि मग 'बाहेर' म्हणतात. दुसऱ्यांची बुटाची नाडी नेमकी १९-१९ला सुटते. त्यांना कुणी काही बोलत नाही, कारण हॉलचं बुकिंग त्यांच्या नावावर आहे. डब्याचंच मोठेपण.

बरं, पंच ठाम असला की सगळं सुरळीत, असंही नाही. २०२२च्या आशियाई बॅडमिंटन अजिंक्यपद स्पर्धेत उपांत्य फेरीत सिंधू पहिला गेम जिंकून दुसऱ्यात १४-११ पुढे होती. सर्व्हिसला वेळ लावते म्हणून पंचांनी समोरच्या, जपानच्या यामागुचीला गुण दिला. यामागुचीच तयार नव्हती, असं सिंधू सांगत राहिली. ऐकलं कुणी नाही. सामना हातचा गेला, आणि काही महिन्यांनी आशियाई संघटनेचं माफीचं पत्र आलं. तिथे एखाद्या लेच्यापेच्या पंचानं 'परत घ्या' म्हटलं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

आणि टेनिसमधला तो विलँडर! १९८२, फ्रेंच ओपनची उपांत्य फेरी, वय सतरा, मॅच पॉइंट. समोरच्या क्लेर्कचा फटका बाहेर दिला गेला, सामना संपला. हा पोरगा पंचाकडे जाऊन सांगतो, चेंडू आत होता, परत खेळू. खेळले. तोही पॉइंट त्यानंच जिंकला, आणि पुढे विजेतेपदही.

तेच 'परत घ्या', पण म्हणणारा कोण! यातून काहीतरी मोठं काढता येईल असं वाटलं होतं, पण दुपारी चहाच्या आधी माझं डोकं फार चालत नाही.

रविवारी डबल्सला समोर पुन्हा नाडीवाले काका आहेत. चालायचंच. सकाळी साडेसहाला चौथा माणूस मिळतो कुठे?